एकच माणूस, दोन भाषा: एक चालली, एक राहिली

'जावा चांगली की पायथन' हा वाद आमच्या टीममध्ये चहाबरोबर रोज होतो. सिंटॅक्स, स्पीड, पगार, सगळं निघतं. पण प्रोग्रामर लोक भाषा नक्की कशावर निवडतात? आज त्यासाठी १९५० च्या दशकातल्या अमेरिकेत जाऊ. तिथल्या एका माणसाने लोकांना भाषा बदलायला दोनदा सांगितलं. लोकांनी एकदाच ऐकलं.

तो म्हणजे आयबीएमचा जॉन बॅकस. १९५३ च्या शेवटी त्याने साहेबांकडे प्रस्ताव मांडला: प्रोग्राम गणिताच्या सूत्रासारखा लिहायचा, मशीन कोड कॉम्प्युटरनेच तयार करायचा. तेव्हाचे प्रोग्रामर एकेक सूचना हाताने लिहायचे. त्यांचा यावर विश्वास नव्हता, आणि तो नुसता हट्ट नव्हता हं. अशा आधीच्या सोयी खरोखर स्लो होत्या. फक्त ते लपून जायचं, कारण फ्लोटिंग पॉइंटचे हिशेब सॉफ्टवेअरने करण्यातच बराचसा वेळ जायचा. आयबीएम ७०४ मध्ये ते हिशेब हार्डवेअरमध्ये आले आणि ही पळवाट बंद झाली.

म्हणून बॅकसच्या टीमने भाषा सुंदर करण्यापेक्षा कंपायलरवर जीव ओतला. त्यातून निघणारा कोड हाताने लिहिलेल्या कोडच्या तोडीचा हवा, एवढाच ध्यास. एप्रिल १९५७ मध्ये फोरट्रान ग्राहकांकडे पोचली. वर्षभराने ७०४ असलेल्या २६ ठिकाणांची पाहणी झाली, तर निम्म्याहून जास्त ठिकाणी निम्म्याहून जास्त कामं फोरट्रानमध्ये होत होती!

आता २० वर्षं पुढे. १९७७ मध्ये बॅकसला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या भाषणात त्याने फोरट्रानच्या अख्ख्या खानदानावरच टीका केली. या भाषा जाड होत गेल्या, ताकद मात्र तेवढी वाढली नाही, असा त्याचा मुद्दा. पर्याय म्हणून त्याने एफपी मांडली: व्हेरिएबल बदलत बसायचं नाही, फंक्शनला फंक्शन जोडत जायचं. संशोधकांनी ते उचलून धरलं. पण रोजच्या कामात एफपी काही रुजली नाही.

माझ्या मते फरक इथे आहे. पहिल्या वेळी बॅकसने कष्ट वाचवले आणि बदल्यात फारसं काही मागितलं नाही. मशीन तेच, वेग जवळपास तोच. दुसऱ्या वेळी कल्पना कितीही देखणी असली तरी साठलेला कोड, हाताची सवय आणि मशीनची घडण, सगळ्यावर पाणी सोडायचं होतं.

आणि गंमत बघा. २०१४ मध्ये जावा ८ आली, तिच्यात लॅम्डा आणि स्ट्रीम्स आले. फंक्शन जोडत जाण्याची तीच पद्धत हजारो लोकांनी निमूट उचलली, कारण जावा सोडावी लागत नव्हती.

म्हणून कुणी 'सगळं रस्टमध्ये परत लिहूया' म्हणालं की मी भाषेच्या गुणांवर वाद घालत नाही. दोनच गोष्टी विचारतो: हातात काय पडणार, आणि हातातलं काय सोडावं लागणार? बऱ्याचदा दुसऱ्या प्रश्नापाशी मीटिंग शांत होते.

तुमच्या ऑफिसात हा वाद कसा मिटतो, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!