रजेवरचे गव्हर्नर आणि खुर्चीवरचे हॉटसन

२२ जुलै १९३१. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने गव्हर्नर हॉटसन यांच्यावर पिस्तूल झाडले. हॉटसन बचावले. चिलखताची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. पण मुंबई इलाख्याचे गव्हर्नर त्या वेळी सर फ्रेडरिक साईक्स होते. मग ग्रंथालयात हॉटसन कसे? उत्तर साधे आहे : साईक्स रजेवर होते.

ही रजाही नवलाचीच. १७९३ च्या सनदी कायद्यापासून गव्हर्नराने हिंदुस्थान सोडून युरोपची वाट धरली, की तो त्याचा राजीनामाच मानला जाई. १९०४ मध्ये कर्झनला मायदेशी जायचे होते. त्यासाठी पहिली कारकीर्द संपवून नवी नेमणूक घेऊन परतावे लागले. मधले महिने मद्रासच्या गव्हर्नराने, लॉर्ड अ‍ॅम्टहिलने, व्हाइसरॉयपद सांभाळले. दोन गव्हर्नरांच्या मधली फट भरायची तर कौन्सिलातला ज्येष्ठ सभासद असे : १९०३ मध्ये नॉर्थकोट गेल्यापासून लॅमिंग्टन येईपर्यंत मुंबईत सर जेम्स मॉन्टीथ होते.

१९२४ च्या कायद्याने हे बदलले. कारकिर्दीत एकदा, चार महिन्यांपर्यंत, पद न सोडता रजा मिळू लागली. पुढच्याच वर्षी व्हाइसरॉय रीडिंगने तिचा लाभ घेतला आणि बंगालचा गव्हर्नर लिटन त्याच्या जागी बसला.

खालच्या पायऱ्यांवर तर हा नित्याचाच खेळ. कलेक्टर दीर्घ रजेवर गेला की असिस्टंट ‘आक्टिंग’ होई, त्याच्या जागी आणखी कोणी सरके. एका माणसाच्या रजेने साखळीच्या साखळी हले. जुनी गॅझेटे अशा नेमणुकांनी भरलेली आहेत. चाळताना ती कंटाळवाणी वाटतात, हे कबूल.

१९३१ मध्ये साखळीचे वरचे टोक हलले, आणि वर सरकले ते गृहखात्याचे सभासद सर अर्नेस्ट हॉटसन. मुलकी नोकरीत मुरलेला, कारभाराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस. सचिवालयाच्या दृष्टीने निवड बिनचूक होती. पण गृहखाते म्हणजे पोलीस आणि बंदोबस्त. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. सोलापूरचा रोष ज्या खात्यावर होता, त्याच खात्याचा प्रमुख आता गव्हर्नर म्हणून मिरवत होता.

मिरवत होता, हे महत्त्वाचे. गृहसभासदाला फायलींआड राहता येते. गव्हर्नराला समारंभ, भेटी, पाहण्या चुकत नाहीत. पावसाळ्यात गव्हर्नराचा मुक्काम पुण्यात असे, आणि पुण्यात आलेल्या गव्हर्नराला महाविद्यालय दाखवण्याची रीत होती. हंगामी नेमणुकीबरोबर ही रीतही हॉटसनच्या वाट्याला आली, आणि ग्रंथालयात ते विद्यार्थ्यांपासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले.

गोगट्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. रजा संपवून साईक्स परतले आणि १९३३ पर्यंत गव्हर्नर राहिले.