शांत मूल

समजा, तुमचे अडीच वर्षांचे मूल आजारी आहे आणि तुम्ही १९४९ सालच्या लंडनमध्ये राहता. मुलाला इस्पितळात ठेवावे लागले. आता त्याला भेटायचे कधी? तिथल्या मोठमोठ्या इस्पितळांतल्या भेटीच्या वेळा त्या वर्षी गोळा करून छापल्या गेल्या होत्या. त्या नुसत्या वाचून पाहा. गायज् इस्पितळात रविवारी दुपारी दोन ते चार. वेस्टमिन्स्टरमध्ये बुधवारी एक तास, रविवारी एक तास. चेअरिंग क्रॉसमध्ये रविवारी तीन ते चार. सेंट टॉमसमध्ये पहिला महिनाभर भेट नाही. मात्र संध्याकाळी सात ते आठ, मूल झोपलेले असताना, आईबापांनी येऊन पाहून जावे. लंडन हॉस्पिटलमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांची भेट नाही. आडोशापलीकडून पाहायला हरकत नाही. आणि वेस्ट लंडन इस्पितळात? तिथे भेट मुळीच नाही.

वाचून तुम्ही म्हणाल, काय निर्दय माणसं ही! पण तसे नव्हते. ही इस्पितळे चालवणारे डॉक्टर आणि परिचारिका आपापल्या परीने मुलांसाठी राबत होत्या. नियमाला कारणे होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास नीट कळायचा नाही.

पॅरिसमध्ये मुलांचे स्वतंत्र इस्पितळ १८०२ साली निघाले. लंडनला त्यानंतर पन्नास वर्षे लागली. १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी दहा खाटांनिशी मुलांचे इस्पितळ उघडले. त्या काळी घटसर्प, गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीवर यांपैकी एक जरी वॉर्डात शिरला तरी खाटांमागून खाटा रिकाम्या होत. प्रतिजैविके यायला अजून जवळजवळ शतक होते. तेव्हा हातात उपाय एकच: दार लावून घ्यायचे. जो बाहेरून येतो तो रोग घेऊन येतो, मग तो डाकवाला असो की आई असो.

दुसरे कारण रडण्याचे. भेटीचा दिवस म्हणजे वॉर्डात आकांत. आया निघाल्या की पोरे कठड्याला धरून ओरडत. कुणी उलटी करी, कुणाचा ताप चढे. भेट नसली की सारे शांत. नवे मूल दोन-तीन दिवस रडे, मग त्याचे रडणे थांबे. ते मुकाट औषध घेई, समोर ठेवलेले खाई, कुणीही उचलले तरी उचलू देई. मग सिस्टर समाधानाने नोंद करी की मूल रुळले. आपल्याकडे अशा मुलाला आपण काय म्हणतो? ‘किती शहाणं बाळ आहे, बघा!’ हे रुळलेले, शहाणे, शांत मूल खरोखरच समाधानी होते का, हाच या साऱ्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. तो विचारायला वैद्यकशास्त्राला फार उशीर लागला.

अगदी कुणालाच दिसले नाही असे नाही. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पियेर बुदँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच सांगून ठेवले होते की, अपुऱ्या दिवसांचे मूल आईपासून फार काळ दूर ठेवले तर आईचीच माया आटते. न्यूकॅसलमध्ये डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२० नंतरच्या दशकात आयांना तान्ह्या मुलांबरोबर इस्पितळात राहू द्यायला सुरुवात केली. आणि गंमत पाहा, न्यूझीलंडमध्ये पिकरिल नावाच्या शल्यविशारद दांपत्याने टाळू फाटलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियांसाठी आईलाच परिचारिका केले, ते चक्क रोगाच्या भीतीने! आईच्या अंगावरचे जंतू बाळाच्या ओळखीचे असतात. दहा खाटांवर हात लावून अकराव्या खाटेशी येते ती परिचारिका. ज्या भीतीने लंडनमध्ये आई बाहेर गेली, त्याच भीतीने वेलिंग्टनजवळच्या त्या छोट्या इस्पितळात ती आत आली. १९४९ सालीच ब्रिटिश डॉक्टरांनी मुलांच्या वॉर्डांतील संसर्गाची पाहणी केली, तेव्हा भेटीगाठींचा आणि संसर्गाचा मेळ काही बसला नाही. पण नियम एकदा भिंतीवर टांगला की तो भिंतीचाच भाग होतो.

ही भिंत हलवली ती डॉक्टरने नव्हे. जेम्स रॉबर्टसन हे ग्लासगोजवळच्या एका कामगार घरातले गृहस्थ. तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात काम केलेले. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅना फ्रॉइड यांनी लंडनमध्ये घरापासून तुटलेल्या मुलांसाठी बालगृहे चालवली, तिथे रॉबर्टसन यांना काम मिळाले ते बॉयलर सांभाळायचे आणि पडेल ती दुरुस्ती करायचे. पत्नी जॉइस तिथेच मुलांची देखभाल करी. अ‍ॅना फ्रॉइड यांचा दंडक असा की, हुद्दा कोणताही असो, मुलांविषयी जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवायचे. या टिपणांतून बॉयलरवाल्याची नजर तयार झाली. १९४८ साली ते टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी यांच्या हाताखाली आले आणि इस्पितळांतल्या लहान मुलांजवळ जाऊन बसू लागले. काम एकच: पाहायचे.

त्यांना तीन पायऱ्या दिसल्या. पहिली आक्रोशाची: मूल रडते, दाराकडे पाहते, आई येईल म्हणून प्रत्येक पावलाच्या आवाजाला कान देते. दुसरी निराशेची: रडणे मंदावते, मूल गप्प पडून राहते, वॉर्ड त्याला ‘शांत झाले’ म्हणतो. तिसरी सगळ्यांत फसवी. मूल हसू लागते, खेळणी घेते, कुणाकडेही जाते. आणि आई आली की तिच्याकडे पाहतच नाही. हातातला खाऊ मात्र घेते. सिस्टरच्या नोंदीत ते बरे झालेले असते. रॉबर्टसन म्हणू लागले की ते बरे झालेले नाही, त्याने आशा सोडली आहे.

हे ऐकून घ्यायला कुणी तयार होईना. तेव्हा त्यांनी सिनेमाचा कॅमेरा मिळवला. तो त्यांनी जन्मात कधी हाताळला नव्हता. रडकी मुले मुद्दाम निवडली असे कुणी म्हणू नये म्हणून मूल यादीतून चिठ्ठी काढावी तसे निवडले, आणि चित्रण रोज ठरावीक वेळी केले. घड्याळही चित्रात दिसत राही. निवड झाली ती लॉरा नावाच्या दोन वर्षे पाच महिन्यांच्या मुलीची. बेंबीच्या हर्नियाची साधी शस्त्रक्रिया, इस्पितळात आठ दिवस. तिची आई तेव्हा दुसऱ्या खेपेला गरोदर होती.

विरोधकांच्या दृष्टीने याहून सोयीचे मूल मिळाले नसते, कारण लॉरा फारशी रडतच नाही. ती ओठ दाबते. मधेच, दुसरेच काही बोलत असल्यासारखी, आई कुठे आहे म्हणून विचारते आणि पुन्हा गप्प होते. आई भेटायला आली की तोंड फिरवते. शेवटच्या दिवशी घरी निघताना ती आपल्या सगळ्या वस्तू गोळा करते, एक फाटके पुस्तकसुद्धा सोडत नाही; पण आईने पुढे केलेला हात धरत नाही. सहा महिन्यांनी हीच फिल्म तिच्या दृष्टीस पडली. तेव्हा ती रडू लागली, तू होतीस तरी कुठे म्हणून आईला विचारू लागली, आणि जवळ गेली ती वडिलांच्या.

‘अ टू-इयर-ओल्ड गोज टू हॉस्पिटल’ ही फिल्म नोव्हेंबर १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये दाखवली गेली. सभा खवळली. आमच्या व्यवसायाची ही बदनामी आहे, फिल्म मागे घ्या, असा सूर निघाला. रागावलेल्यांत डरमॉड मॅकार्थी नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पण आपल्या वॉर्डात परत आल्यावर ज्या रडण्याची कानाला सवय झाली होती तेच रडणे त्यांना नव्याने ऐकू येऊ लागले. मॅकार्थी आणि अ‍ॅमर्शॅमच्या इस्पितळातल्या सिस्टर आयव्ही मॉरिस यांनी आयांना वॉर्डात राहू दिले. रॉबर्टसन यांनी आपली दुसरी फिल्म १९५८ साली तिथेच घेतली. तीत वीस महिन्यांची मुलगी आईसह दाखल होते. पहिली फिल्म गाजली, दुसरी तितकी गाजली नाही. माझ्या मते काम जास्त दुसरीने केले. डॉक्टरांना दोष दाखवणे सोपे असते; वॉर्ड असाही चालतो हे सिस्टरला सिस्टरकडून दाखवणे अवघड.

१९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीचा अहवाल आला. भेटीवर बंधन नसावे, लहान मुलांच्या आईला राहण्याची सोय असावी, मुलांना मोठ्यांच्या वॉर्डात ठेवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अहवाल लिहिला गेला म्हणजे अमलात आला असे थोडेच असते! १९६१ साली बी.बी.सी.वर फिल्मचे काही भाग दाखवले गेले, आणि लंडनच्या बॅटर्सी भागातल्या काही आयांनी संघटना करून इस्पितळांचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. दारे खरी उघडली ती त्यानंतर, आणि तीही हळूहळू.

परिचारिकांची बाजूही ऐकायला हवी. वॉर्डात काम करणाऱ्या मुली बहुधा अठरा-एकोणीस वर्षांच्या शिकाऊ. कामाची वाटणी मुलांवार नव्हे तर कामावार: एकीने सगळ्यांचे ताप पाहायचे, दुसरीने सगळ्यांना भरवायचे, तिसरीने सगळी अंथरुणे बदलायची. कुणात जीव गुंतवायचा नाही, ही शिकवण. इझाबेल मेन्झीस यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले की ही पद्धत परिचारिकांना रोजच्या दुःखापासून वाचवण्यासाठीच घट्ट झाली होती. त्या मुलींचेही रडू आतच राहत होते. पण याचा हिशेब मुलाच्या बाजूने करा. आठवड्याभरात कितीतरी हात त्याला लागतात आणि त्यातला एकही त्याचा नसतो.

अडीच वर्षांच्या मुलालाच हे सर्वाधिक का जाचते? पाच-सहा महिन्यांचे बाळ बहुधा प्रेमळ परक्या हातात निभावून नेते. पुढे सातव्या-आठव्या महिन्यापासून चौथ्या वर्षापर्यंतचा काळ फार नाजूक. आई कोण हे कळू लागलेले असते, पण ‘रविवार’ म्हणजे काय हे कळत नसते. आई रविवारी येईल याचा अर्थ त्याच्या लेखी आई गेली एवढाच. चार वर्षांच्या मुलाची गोष्ट निराळी. त्याला शब्द आलेले असतात, पण सुई म्हणजे शिक्षा असेच त्याला वाटते. आपण हट्ट केला म्हणून हे झाले. फ्लॉरेन्स एरिक्सन या अमेरिकन परिचारिकेने १९५८ साली चार वर्षांच्या आजारी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिने मुलांपुढे बाहुल्या आणि वॉर्डातलीच उपकरणे खेळायला ठेवली आणि ती कशी खेळतात ते टिपले. जे तोंडाने सांगता येत नव्हते ते मुले बाहुलीला सुई टोचून सांगत होती. आज बालवॉर्डात खेळण्यांचा कोपरा दिसतो तो केवळ शोभेचा नाही, तो असा आलेला आहे.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला काय होणार ते आधी नीट सांगितले तर ते पुष्कळ सोसते. बारा-तेराव्या वर्षी पुन्हा फिरते. या वयाच्या मुलांची इस्पितळात फार कुचंबणा झाली: एका बाजूला पाळण्यांच्या ओळी, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचा वॉर्ड. डॉक्टर बोलत ते आईशी, आणि तपासणीच्या वेळी आडपडदा लावावा हे कुणाच्या ध्यानात येत नसे. बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात डॉ. रॉसवेल गॅलघर यांनी १९५१ साली किशोरवयीनांसाठी वेगळा विभाग काढला आणि मुलामुलींशी त्यांच्या आजाराबद्दल थेट, एकांतात बोलायचा पायंडा पाडला.

पाळण्यापासून मिसरुडापर्यंतची ही सारी वये एका दोरीत ओवली ती १९७५ साली. ब्रिटनमध्ये १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा मागोवा घेणाऱ्या जे. डब्ल्यू. बी. डग्लस यांना आढळले की, पाच वर्षांच्या आत ज्यांना आठवड्याहून अधिक काळ किंवा पुन्हा पुन्हा इस्पितळात राहावे लागले, त्यांच्यात किशोरवयात वर्तनाच्या आणि वाचनाच्या अडचणी अधिक होत्या. एकदाच, थोडे दिवस राहिलेल्यांत तसे दिसले नाही. ती मुले भेटबंदीच्या काळात वॉर्डात होती, हे विसरू नका.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे हे संकट नव्हतेच. आपल्या सरकारी इस्पितळात आई मुलाच्या खाटेशी चटई टाकून असतेच, बहुधा आजीही असते. खरे आहे. पण पुष्कळ ठिकाणी हे शास्त्राने आलेले नाही, परिचारिका अपुऱ्या म्हणून आलेले आहे. आई असते, पण तिला स्टूलही नसते. शिवाय एक दार आपल्याकडेही बंदच राहिले: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागाचे. बाळ काचेत आणि आई जिन्यात.

त्या दाराची गोष्ट अगदी अलीकडची आहे. कोलंबियात, बोगोटा शहरी, १९७८ साली काचपेट्या कमी पडल्या म्हणून डॉ. एदगार रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवली. ही पद्धत जगभर गेली, पण बाळ स्थिरावल्यावरच वापरायची, असा संकेत राहिला. मग भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या इस्पितळांत प्रयोग झाला. भारतातले ठिकाण दिल्लीचे सफदरजंग इस्पितळ. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळे. निम्म्यांच्या बाबतीत आईची खाट थेट अतिदक्षता विभागात टाकली; जन्मापाठोपाठ बाळ तिच्या, आणि तिला जमत नसेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर, दिवसाकाठी सुमारे सतरा तास. परिचारिकांनी बाळाबरोबर बाळंतिणीचीही शुश्रूषा त्याच खोलीत केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठ्ठावीस दिवसांच्या आतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत शेकडा १५.७, आई आत असताना शेकडा १२. उरलेल्या बाळांना आईपासून लांब ठेवणे आता उचित नाही, असे ठरून तो प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला.