वढवाणा तलाव : हिवाळी पक्षी निरीक्षण

बडोदा जिल्ह्याच्या डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९१० च्या सुमारास, सिंचनासाठी बांधण्यात आला. ओरसंग नदीचे पाणी जोजवा येथून कालव्याने या तलावात येते. शेतीसाठी साठवलेल्या या पाण्याने पुढे पक्ष्यांनाही आसरा दिला. २०२१ मध्ये तलावाचा समावेश रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये झाला. मध्य आशियातून भारतात येणाऱ्या स्थलांतराच्या मार्गावरील ऐंशीहून अधिक जातींचे पाणपक्षी येथे हिवाळा काढतात.

कधी जावे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. बडोद्याहून गाडीने साधारण तास-सव्वा तास लागतो. पहाटे निघून सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे. सूर्य पाठीशी राहील अशी जागा निवडल्यास पिसांचे रंग नीट दिसतात.

काय पाहावे : पाण्याची खोली पाहिली की कोणता पक्षी कुठे शोधायचा ते कळते. खोल पाण्यात बुडी मारून खाणारी लालसरी बदके असतात. मोठी लालसरी पश्चिम भारतात एरवी फारशी दिसत नाही; येथे मात्र ती नियमित येते. उथळ भागात थापट्या आणि तलवार बदक डोके पाण्यात घालून चरतात. काठच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे फिरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस मध्य आशिया आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. तो शेतांतही चरतो, म्हणून आजूबाजूच्या शेतांकडेही लक्ष ठेवावे. सारस क्रौंच मात्र येथला रहिवासी. तो बहुधा जोडीने दिसतो.

मुलांना ओळखायला सर्वांत सोपा पक्षी म्हणजे काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. गुजरातीत त्याला ‘भगतडुं’ म्हणतात. कपाळावरचा पांढरा टिळा दोन्ही भाषांना भक्ताचाच वाटला!

काय न्यावे : दुर्बीण (आठ पट मोठे दाखवणारी पुरेशी), पक्ष्यांचे सचित्र पुस्तक, वही, पाणी, टोपी आणि घरचा डबा. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे असावेत.

पथ्ये : फोटोसाठी थवा उडवू नये. लांबच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांना अंगावर चरबी साठवूनच परत जायचे असते. उगाच घेतलेली प्रत्येक भरारी ती शिदोरी कमी करते. खाऊ टाकू नये, पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवू नयेत, उभ्या पिकात शिरू नये. कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

नोंद ठेवावी : दिनांक, वेळ, पाण्याची पातळी, पक्ष्याचे नाव आणि अंदाजे संख्या लिहावी. ओळख पटली नाही तर चोच, पाय आणि आकाराचे वर्णन लिहिले तरी चालते. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. अशा नोंदींची सवय असलेल्यांना तिच्यात सहभागी होणे सोपे जाते. पाणी आधी शेतीचे असल्यामुळे तलावाची पातळी दरवर्षी सारखी नसते. त्यामुळे एकाच कुटुंबाने वर्षानुवर्षे ठेवलेली वही कोणत्या पाण्याला कोणते पक्षी आले हे सांगू शकते, आणि पुढच्या पिढीला तलावात काय बदलले तेही.