जहाज कुशीवर वळतं तेव्हा

शिडाच्या जहाजांचे सिनेमे पाहिले की वाटतं, या जहाजांचा खरा शत्रू म्हणजे वादळ. नाहीतर समोरच्याच्या तोफा. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या जुन्याजाणत्या खलाशाला विचारलं असतं, तर त्याने बोट खाली दाखवलं असतं. पाण्याखालच्या, कुणालाच न दिसणाऱ्या तळाकडे.

लाकडी जहाज उबदार समुद्रात काही महिने राहिलं की तळाला शेवाळ धरतं. मग धारदार कवचांचे बार्नेकल चिकटतात. गुळगुळीत तळ खरखरीत झाला की जहाज जड होतं, वारा असूनही रेंगाळतं. याहून वाईट म्हणजे टेरेडो. दिसायला किडा, प्रत्यक्षात कालवं-शिंपल्यांच्या गोतावळ्यातला प्राणी. लहान असताना तो टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि आतल्या आत लाकूड खात वाढतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आतून तिची चाळण झालेली असते.

यावर शतकानुशतकं एकच उपाय होता. जहाज किनाऱ्याला लावायचं आणि कुशीवर वळवायचं.

लोळवण्याचं शास्त्र

युरोपातले दर्यावर्दी याला कॅरीनिंग म्हणत. लॅटिनमधला ‘करिना’ म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, त्यावरून हा शब्द आला. काम ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची तयारीच कित्येक दिवस चाले.

आधी जागा शोधायची. उतार मंद हवा, तळाला खडक नको, लाटांचा मारा नको, जवळ गोडं पाणी आणि लाकूडफाटा हवा. मग जहाज रिकामं करायचं. तोफा, दारूगोळा, पाण्याची पिंपं, तोल सांभाळायला तळाशी भरलेले दगड, सगळं उतरवायचं. डोलकाठ्यांचे वरचे तुकडे काढायचे. मग भरती पाहून जहाज किनाऱ्यावर चढवायचं, डोलकाठीला दोर बांधायचे, ते झाडांना किंवा नांगरांना अडकवून ओढायचे. जहाज हळूहळू कलंडतं आणि एका बाजूचा तळ उघडा पडतो.

ओहोटी लागली की काम सुरू. आधी खरवडणी. मग पेटत्या काटक्यांच्या किंवा बोरूच्या जुड्या तळावरून फिरवायच्या, म्हणजे जुनी राळ वितळते आणि वरवरची कीड जळते. कुजलेल्या फळ्या बदलायच्या. फळ्यांमधल्या सांध्यांत जुन्या दोरांचा पिंजलेला काथ ठोकून बसवायचा, वरून उकळती राळ ओतायची. शेवटी डांबर, चरबी, गंधक यांचा लेप. आपल्याकडच्या किनाऱ्यांवर चुना आणि तेल कालवून केलेला लेप असे. एक कूस झाली की जहाज दुसऱ्या कुशीवर वळवायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात भरती-ओहोटीचं गणित चुकवून चालत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या ऐन भरतीला जहाज फार वर चढवलं, तर पुढचं तसंच उधाण येईपर्यंत ते तिथंच अडकतं.

आणि या सगळ्या काळात ते जहाज नसतंच. तोफा वाळूवर, शिडं झाडाखाली, माणसं तंबूत. जगातलं सर्वांत ताकदवान यंत्र तेव्हा किनाऱ्यावर आलेल्या माशासारखं आडवं पडलेलं असतं.

एन्डेव्हर: 7 आठवड्यांचा पाहुणा

जेम्स कुकला हे नीट ठाऊक होतं. तो इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदरात कोळशाच्या जहाजांवर शिकला होता. ही जहाजं सपाट तळाची असत, कारण ओहोटीला वाळूवर बसून माल चढवावा-उतरवावा लागे. 1768 साली दक्षिण समुद्राच्या मोहिमेसाठी निवडलेलं ‘एन्डेव्हर’ हे असंच व्हिटबीत बांधलेलं कोळशाचं जहाज होतं. दिसायला बोजड, पण कुठल्याही अनोळखी किनाऱ्यावर बसू शकणारं.

11 जून 1770 च्या रात्री ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ते प्रवाळाच्या खडकावर आदळलं. सहा तोफा, लोखंड, दगड, पिंपं, जे हाती लागेल ते समुद्रात फेकलं. दिवसाच्या भरतीने जहाज हललं नाही. रात्रीची भरती जास्त उंच आली आणि ते सुटलं. मग शिडाच्या कापडावर लोकर, काथ आणि शेण थापून ते कापड जहाजाखालून ओढून भोकावर बसवलं. पाण्याच्या दाबाने ते घट्ट चिकटलं आणि गळती आटोक्यात आली.

एका नदीच्या मुखाशी जहाज आत घेऊन त्याचं नाक काठावर चढवलं. ओहोटीला भोक दिसलं, आणि त्या भोकात प्रवाळाचा एक मोठा तुकडाच अडकून बसला होता. ज्या खडकाने फोडलं, त्याच्याच तुकड्याने बूच लावलं होतं.

हा काठ मोकळा नव्हता. ती गुगू यिमिधिर लोकांची भूमी होती. सुरुवातीचे दिवस ते लांब राहिले, मग भेटीगाठी झाल्या. ‘कांगारू’ हा शब्द जगाला याच मुक्कामात मिळाला, त्यांच्या ‘गंगुरू’वरून. पण 19 जुलैला ते जहाजावर आले, तेव्हा त्यांनी डेकवर ठेवलेली मोठी कासवं पाहिली. त्यांच्याच पाण्यातली. त्यांनी एक मागितलं, खलाशांनी नाकारलं. ते किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी छावणीभोवतीचं वाळलेलं गवत पेटवून दिलं. बारूद काही दिवसांपूर्वीच जहाजावर परत नेली होती, म्हणून अनर्थ टळला. कुकने छर्‍यांची गोळी झाडली, एक माणूस जखमी झाला. त्यानंतर त्यांच्यातला एक वृद्ध मोडकं भालं घेऊन पुढे आला आणि समेट झाला. तिथे आता कुकटाउन हे गाव आहे आणि त्या समेटाची आठवण स्थानिक लोक आजही जागवतात.

एन्डेव्हर 4 ऑगस्टला नदीबाहेर पडलं. जवळजवळ 7 आठवडे ते दुसऱ्याच्या दारात पाय पसरून पडलं होतं, आणि जाताना कासवंही घेऊन गेलं.

कुशीवर वळवल्यावर कळलेलं

पण नदीकाठी जहाजाचा अख्खा तळ पाहता आला नव्हता. तेवढी भरती-ओहोटीच तिथं मिळाली नाही. खरी तपासणी झाली ती ऑक्टोबरनंतर, डचांच्या बटाव्हियाजवळच्या, म्हणजे आजच्या जकार्ताजवळच्या ऑनरस्ट बेटावर. तिथे गोदीतल्या कारागिरांनी जहाज पूर्ण कलंडवलं. काही फळ्या जवळपास सहा फूट लांबीभर इतक्या घासल्या होत्या, की फक्त एक अष्टमांश इंच लाकूड उरलं होतं. म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. टेरेडो तर आतल्या सांगाड्यापर्यंत पोचला होता. या तळावर ते ऑस्ट्रेलियाहून जावापर्यंत आले होते.

जहाज दुरुस्त झालं. माणसं नाही झाली. बटाव्हियाच्या दलदलीत मलेरिया आणि हगवण होती. तोवर कुकच्या जहाजावर आजाराने फारसं कुणी दगावलं नव्हतं. या दुरुस्तीच्या मुक्कामात सातजण गेले, आणि पुढे आफ्रिकेच्या वाटेवर त्याहून कितीतरी जास्त.

किनारा न गाठता

एवढी उठाठेव नको असेल तर एक आखूड वाटही होती. किनाऱ्यावर न जाता, पाण्यातच जहाज थोडं कलतं करायचं. एका बाजूच्या तोफा मध्यावर ओढायच्या, दुसऱ्या बाजूच्या झरोक्यांतून बाहेर काढायच्या. पाण्याखालची थोडी पट्टी वर येते, तेवढ्यात काम उरकायचं.

29 ऑगस्ट 1782 ला इंग्लंडच्या पोर्ट्समथजवळ ‘रॉयल जॉर्ज’ या 100 तोफांच्या युद्धनौकेवर हेच चालू होतं. पाण्याखालची एक नळी दुरुस्त करायची होती. जहाज निघण्याच्या बेतात होतं, म्हणून खलाशांच्या बायका, मुलं, विक्रेते असे शेकडो लोक निरोपाला आले होते. त्याच वेळी रमची पिंपं चढवणं सुरू होतं. खालच्या झरोक्यांतून पाणी शिरलं आणि काही मिनिटांत जहाज बुडालं. ॲडमिरल केम्पेनफेल्टसह 800 हून अधिक माणसं गेली. वादळ नव्हतं. शत्रू नव्हता. चौकशीत दोष कुजलेल्या लाकडावर गेला.

ज्याच्याकडे गोदी, त्याचा समुद्र

त्याच वर्षी आपल्या बाजूला दुसरा खेळ रंगला होता. बंगालच्या उपसागरात इंग्रज ॲडमिरल ह्यूज आणि फ्रेंच ॲडमिरल सुफ्रेन 1782-83 मध्ये पाच लढाया लढले. सुफ्रेन कल्पक होता, धाडसी होता. पण मद्रासपासून पुद्दुचेरीपर्यंतच्या उघड्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजाला सुरक्षित आडवं पडायला जागाच नव्हती. म्हणून ऑगस्टअखेर त्याने श्रीलंकेचं त्रिंकोमाली बंदर जिंकलं. ह्यूजपाशी मात्र आणखी एक जागा होती. मोडकी जहाजं घेऊन तो वळसा घालून मुंबईला आला.

मुंबईत काय होतं? सुरतेहून 1736 साली आलेले लवजी नसरवानजी वाडिया आणि त्यांच्या घराण्याचे सुतार होते. 1750 साली बांधलेली कोरडी गोदी होती. आणि उधाणाला 4 मीटरहून जास्त चढणारा-उतरणारा समुद्र होता. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी सोडायचं, दार लावायचं. जहाज उभंच राहतं, कलंडवायला नको, दोन्ही बाजू एकदम मोकळ्या. जे काम वाळूवर महिनाभर धास्तीत चाले, ते भिंतींच्या आत निर्धास्तपणे होऊ लागलं. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीच्या काठी खडकात खोदलेली मराठा आरमाराची गोदीही याच तर्काची. आरमार म्हणजे केवळ तोफा नव्हेत, हे तिच्या बांधणाऱ्यांना कळलं होतं.

समुद्रावर कुणाची सत्ता हे ठरवताना आपण लढाया मोजतो. पण जहाज जितके दिवस लढतं, त्याहून अधिक दिवस त्याची देखभाल चालते. ज्याला निर्धास्त आडवं पडता येतं, तोच पुन्हा उभा राहतो.

तांबं आलं, पण...

1761 साली ब्रिटिशांनी ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मारून पाहिला. तांबं टेरेडोला आत शिरू देत नाही, शेवाळालाही सोसत नाही. पण समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड शेजारी आले की लोखंड झिजतं, त्यामुळे पत्र्याखालचे लोखंडी खिळे विरघळू लागले. 1779 पासून ब्रिटिशांनी अख्ख्या आरमाराला तांबं चढवायला घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे आले. मग वारंवार कुशीवर वळवण्याची गरज हळूहळू कमी होत गेली.

संपली मात्र नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आजही 1 जूनला मासेमारी थांबते आणि होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात. जाळी विणताविणता नाखवा तळ खरवडतो, सांधे बुजवतो, रंग देतो. आता काही होड्या फायबरच्या आहेत आणि रंगाचे डबे दुकानातून येतात. पण नारळी पौर्णिमेला समुद्रात उतरणाऱ्या होडीचा जो भाग आपल्या फोटोत कधीच येत नाही, पावसाळाभरचे कष्ट असतात ते त्याच्यावरचेच.