जुनी एसटी ‘मूळ’ कशी ठरवायची?



पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना आपण ‘पहिला’, ‘सर्वात जुना’, ‘मूळ’ असे शब्द सहज वापरतो. मग मुलाखतीत प्रश्न येतो: मूळ म्हणजे नेमकं काय? आज हाच प्रश्न आपण एसटीच्या बसला विचारून बघू.

‘पहिली’ कोणासाठी?

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली, हे तुम्ही वाचलं असेल. पण ती मुंबई राज्याची एसटी. तुम्ही वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजाचे असाल, तर तुमच्या गावाला ही तारीख लागू होत नाही. वऱ्हाड तेव्हा मुंबई राज्यात नव्हतंच. ते आलं 1 नोव्हेंबर 1956 ला. म्हणजे किन्हीराजाच्या बसचा इतिहास लिहायचा तर 1956 पूर्वीची कागदपत्रं वेगळ्या सरकारच्या दप्तरात शोधावी लागतील. हद्द बदलली की पुराव्याचा पत्ताही बदलतो.

‘मूळ’ कोणता भाग?

सुरुवातीच्या 30 बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती, सीट काथ्याच्या, रंग निळा आणि वर चंदेरी. पुढे लाकूड जाऊन पोलाद आलं. पोलाद गंजतं, कोकणच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. म्हणून 1960 च्या सुमारास ॲल्युमिनियम आलं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. रंगही तेव्हाच लाल झाला. आसनं 30 वरून 45 आणि मग 54 झाली. अलीकडच्या काळात पुन्हा पोलादी बॉडी बनू लागली, कारण अपघातात ती जास्त टिकते.

आता दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळा डोळ्यांसमोर आणा. तिथे जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढते. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, पत्रा बदलत राहतो. गाडी रोज रस्त्यावर धावायची तर दुसरा इलाजच नसतो. म्हणजे जी बस जास्त राबली, तिच्यात मूळचं कमी उरलं.

नियम काय म्हणतो?

केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ वाहन म्हणजे 50 वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापरातली दुचाकी किंवा मोटारगाडी. तिच्या चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. या व्याख्येत बस बसतच नाही. उलट 1 एप्रिल 2023 पासून सरकारी आणि महामंडळांच्या 15 वर्षांवरील गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्या भंगारात जातात. श्रीमंताची मोटार वारसा ठरते आणि गावाला शाळा, दवाखाना, बाजार दाखवणारी गाडी किलोवर विकली जाते. व्याख्या कधीच तटस्थ नसते, हे इथे नीट दिसतं.

तरी अपवाद आहे. वाशिमला लागून असलेला हिंगोलीचा भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने जून 1932 मध्ये 27 बसगाड्या आणि 166 कर्मचाऱ्यांवर आपली सेवा सुरू केली. त्या काळातली एक अल्बियन बस हैदराबादच्या बस भवनात जपून ठेवली आहे. ती टिकली, कारण कुणीतरी तिला ठेवायचं ठरवलं.

मग आपण काय करायचं?

बसचा इतिहास फक्त पत्र्यात शोधू नका. तीन ठिकाणी बघा:

1. कागद: आगारातल्या लॉगशीट, दुरुस्तीच्या नोंदी, जुनी वेळापत्रकं.
2. वस्तू: रंगाचे थर, रिव्हेट, वेल्डिंग. बदल कुठे आणि कसा झाला ते यावरून कळतं.
3. माणसं: निवृत्त चालक, वाहक, मेकॅनिक. कोणता भाग कधी आणि का बदलला, हे सहसा त्यांनाच सांगता येतं.

एकाचं म्हणणं दुसऱ्याशी ताडून बघा. उदाहरणार्थ, 1948 चं भाडं 9 पैसे होतं असं सांगतात. तेव्हा रुपयाचे 64 पैसे होत. 100 नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. म्हणून आधी विचारा: कोणते पैसे, आणि किती अंतरासाठी?

यातलं तिसरं काम सगळ्यात आधी करा. कागद कपाटात आणखी दहा वर्षं राहतील कदाचित; 1970 च्या दशकात गाडी चालवलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या गावात असा एक तरी माणूस असेलच. या सुट्टीत त्यांना भेटा.