सुटलेल्या नावांची शर्यत

१/ डिसेंबर १९९९. ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे ३५ डॉलर शुल्क भरायचे मायक्रोसॉफ्टकडून राहून गेले आणि अनेकांचे हॉटमेल बंद पडले. इंटरनेटवरील नाव मालकीचे नसते. ते मुदतीपुरते भाड्याचे असते.

२/ मुदत उलटून रद्द झालेले नाव खुले होताच टिपणाऱ्या बॅकऑर्डर सेवा २००० च्या सुमारास उदयास आल्या. डॉट कॉमची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने प्रत्येक नावासाठी एकच प्रतीक्षायादी सुचवली. ती वादात अडकली, अमलात आलीच नाही.

३/ उरली ती शर्यत. एका परवान्यामागे नोंदवहीशी मोजक्याच जोडण्या मिळतात. म्हणून मोठ्या सेवांनी शेकडो परवाने घेतले. सेवा निवडताना दोन प्रश्न विचारण्याजोगे असतात: परवाने किती, आणि नाव हुकल्यास शुल्क माफ आहे का?