डेंटरची कुळकथा

शब्दाच्या घडणीवरून पाहिलं तर ‘डेंटर’ म्हणजे पोचे पाडणारा. आपल्याकडे मात्र पोचे काढणाऱ्या कारागिराला हे नाव मिळालं. इंग्लंडात त्याला म्हणतात ‘पॅनेल बीटर’, पत्रा ठोकणारा. ‘डेंट’चं मूळ जुन्या इंग्रजीत आहे आणि तिथे त्याचा अर्थ होता घाव, शस्त्राचा घाव. पुढे घाव मागे पडला, त्याची खूण तेवढी शब्दात राहिली. डेंटर ती खूण पुन्हा घाव घालूनच मिटवतो.

ही विद्या मोटारीहून फार जुनी. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत आजही मठारकाम चालतं. हातोडीचे एकसारखे घाव बसले की तांब्याचं भांडं चकाकतं आणि कडकही होतं. ठोकून ठोकून कडक झालेला धातू तडकू नये म्हणून तो तापवून पुन्हा मऊ करतात. युरोपात चिलखतं घडवणारे लोहार याच नियमानं चालत आणि गॅरेजमधला पत्राही यालाच बांधलेला आहे.

पहिल्या मोटारी बग्गीच्या वंशातल्या. लाकडी सांगाडा आणि त्यावर हातानं घडवून बसवलेला पत्रा. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी साच्यात दाबलेले पोलादी भाग वेल्डिंगनं जोडून सबंध बॉडी तयार केली. १९१४ मध्ये डॉज बंधूंच्या गाडीला अशी बॉडी आली. त्यानंतर कारखान्यातली हातोडी हळूहळू थांबली आणि दुरुस्तीच्या दुकानात गेली. साच्यानं एका दाबात दिलेली गोलाई ठोकून परत आणणं, हे डेंटरचं काम झालं.

त्याची हत्यारं मोजकी. पत्र्याच्या एका अंगाला हातोडी, दुसऱ्या अंगाला हातात धरलेला लोखंडी ठोकळा, म्हणजे डॉली. डॉलीच्या नेमका वर घाव बसला तर पत्रा दोन्हींत चेपून पसरतो. डॉली खोलगट भागाखाली धरून शेजारच्या उंचवट्यावर घाव घातला, तर पसरण्याऐवजी तो सरळ होतो. प्रमाणाबाहेर ताणलेला पत्रा दाबला की टपकन आत-बाहेर होतो. अशा जागी लहानसा ठिपका लाल होईपर्यंत तापवायचा, ठोकायचा आणि ओल्या फडक्यानं निववायचा. पत्रा आक्रसतो.

गंजाचं दुखणं वेगळं. पोचा पडलेला पत्रा जागेवर असतो, गंजलेला संपलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला आतून फुगे येतात. फुगा दिसतो तेव्हा खालचा पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. दाराचा खालचा काठ, फुटबोर्ड, मडगार्डची आतली कड, जिथे चिखल आणि पाणी साचतं तिथे गंज आधी धरतो. मिठाच्या हवेत तर वेगानं.

इथे मोटारीच्या इतिहासातलं दुसरं वळण महत्त्वाचं ठरतं. १९३४ च्या सित्रोएन ट्रॅक्शन अव्हाँला वेगळी चासी नव्हती. बॉडीच गाडीचा भार पेलत होती. १९५३ ची फियाट ११०० तशीच होती. तिच्याच वंशातली पद्मिनी वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्याला बनवली. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ती मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावली. अशा गाडीचा फुटबोर्ड गंजला, तर कणाच गंजला.

पूर्वी खळगे शिशाच्या मिश्रणानं भरत. १९५० च्या दशकात प्लास्टिकची पुट्टी आली आणि घाईच्या कामाला वाट मिळाली. भोकात पुट्टी भरली की आठ दिवस सुंदर दिसतं. पण पुट्टी भार पेलत नाही, ओल मात्र शोषते आणि तिच्याआड गंज वाढत राहतो. खरा डेंटर लख्ख धातू लागेपर्यंत गंज कापतो, पुठ्ठ्याचा नमुना करून नवा पत्रा घडवतो आणि थोडे थोडे टाके घालत वेल्ड करतो, म्हणजे उष्णतेनं पत्रा वाकत नाही.

त्याची ही सारी मेहनत शेवटी रंगाखाली झाकली जाते. म्हणून एवढं करा: गाडी कामाला टाकाल तेव्हा पुट्टी लागण्याआधी एकदा गॅरेजमध्ये जा आणि उघडा पत्रा पाहून घ्या. जोड नव्या पत्र्याचा असेल तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.